दुखत नव्हतं म्हणून राहू दिलं : अनुभव धागा

गेल्या महिन्यात चुलतमामाची तेरवी झाली. आर्वी तालुक्यातलं गाव. पंगत उठल्यावर मांडवात जो तो एकच म्हणत होता, "अचानकच गेला न बाप्पा." मी पत्रावळी उचलत ऐकत होते. अचानक कुठला? जिभेच्या कडेला फोड पोळ्याच्या आधीपासून होता. मामी त्यावर लावायला रोज तूप द्यायची. मारबतीच्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून बोंब ठोकली तेव्हाही तो होता. दसरा झाला, सोयाबीन घरात आलं, कापसाचे दोन वेचे झाले. पाणीही गिळवेना तेव्हा कुठे गाडी केली. तोंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज.

आधी का नेलं नाही, असं मामीला विचारायची माझी छाती झाली नाही. तिनंच आपणहून सांगितलं, "दुखे नाई न वो माय त्याइले."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा. तुमच्या घरात, शेजारात काय झालं ते लिहा. बरे झालेल्यांनी तर लिहाच, कारण गावात या रोगानं गेलेल्याचं नाव निघतं, बरा झालेला गप्प बसतो. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं घालू नका. आणि हळद-गोमूत्राचे फॉरवर्ड कृपा करून नकोत.

झेडपीचा मास्तर, दिग्रस तालुका

अकरा वर्षं खर्रा खाल्ला, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून. शाळेत नाही खायचो, एवढाच काय तो सोवळेपणा.

शाळेत मुलांचे दात तपासायला डॉक्टरीण आली होती. मुलं झाल्यावर गमतीनं म्हणाली, सर, तुम्हीही तोंड उघडा. मी उघडलं. म्हणाली, पूर्ण उघडा. म्हटलं, पूर्णच उघडलंय. मग तिनं माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. तीन जायला हवीत, दीड गेली. सातवीची पोरं खिडकीतून पाहत होती.

खूण त्याआधीच मिळाली होती, पण कळली नाही. दोन वर्षं मला तिखट सोसत नव्हतं. आपल्याकडे ठेचा झोंबणाऱ्या माणसाला लोक हसतात. मी फिकं वरण-भात खायचो आणि विचारलं की ॲसिडिटी सांगायचो. पाणीपुरी तोंडात जाईना तेव्हा ती खाणंच सोडलं. ते वयाचं लक्षण समजलो. वय होतं 38.

डाव्या गालात आत पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासायला पाठवायचा म्हटल्यावर सासरे अडून बसले, "चाकू लागला का भडकते." हे मी इतक्यांकडून ऐकलंय की शाळेच्या फळ्यावर लिहावंसं वाटतं : तुकडा काढल्यानं कॅन्सर भडकत नाही. माणूस तुकडा काढायला येतो तोवरच तो पुष्कळ भडकलेला असतो, म्हणून लोकांना तसं वाटतं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढला, दोन दिवसांत घरी. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

तोंड उघडायचा व्यायाम आईस्क्रीमच्या काड्यांनी करतात. काड्यांची गड्डी दातांत उभी धरायची आणि मधे एक-एक काडी सरकवत जायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटर. मी 11 वर सुरू केलं, आज 17 जातात. पूर्ण मोकळं होणार नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी चामड्यासारखी होते, ती परत मऊ होत नाही. तंबाखू सोडून नुसती सुपारी धरलेल्यांनी हे लक्षात घ्या. सुपारी एकटीही कॅन्सर करते.

पानटपरी, चंद्रपूर जिल्हा

सर, तुमचं वाचलं. मी खर्रा घोटतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून दिवसभर घासाचं, हेच काम. माह्या हाताले घट्टे पडले आहेत.

गुटखा 2012 मधी बंद झाला. खर्रा तर हातानंच बनते. त्याले पाकीटच नाई त त्याच्यावर ते सडक्या तोंडाचं चित्र कुठी छापान? माणसाले वाटते, चित्र नाई म्हंजे हे गुटख्यापेक्षा बरं.

एक सांगतो, मनात राहून गेलं म्हणून. एक गिऱ्हाईक होतं, रोजचे पाच-सहा खर्रे. आधी म्हणे चुना कमी टाक, जळते. मंग म्हणे अजून बारीक घोट, चावत नाई. मी घोटून देऊन रायलो होतो. रोज अजून बारीक. त्याचं बोलनंबी बदललं, गालात काई धरून बोलल्यावानी. त्याच्या बायकोच्या आंधी मले दिसून रायलं होतं, कारण दिवसातून सहा वेळा तोंड मीच पायत होतो. पण दुकानदारानं गिऱ्हाईकाले म्हनाव का, बाबू, तोंड दाखव?

जबडा काढला त्याचा. जिवंत आहे. टपरीसमोरून जातो त मीच खाली पायतो.

टपरी बंद काऊन नाई केली हे विचारू नका. दोन पोरं शिकून रायली.

संत्रापट्ट्यातली, सध्या पुण्यात

आईची गाठ मला दिसली ती निव्वळ योगायोगानं. 2016 ची दिवाळी. अभ्यंगस्नानानंतर तिच्या हाताला मुका मार होता म्हणून ब्लाउजचे हूक लावून देत होते. उजव्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी. मी हात लावला, तिनं झटकला.

"सुपारीएवढी होती तेव्हापासून आहे. दुखत नाही काही नाही. कायले सांगू? धाकटीची सोयरीक जुळून रायली."

हे खरं कारण होतं. आईला छातीचा रोग म्हटलं की पोरीच्या बायोडाटाला कोणी हात लावत नाही. म्हणजे आईनं हिशोब केला होता. आठ महिने ती गाठ पदराखाली ठेवून ती पाहुण्यांना पोहे करत होती.

मग आत्या आल्या. आत्यांनी एक पुडीवाला शोधला, तीन आठवडे ती करडी पूड दुधातून. बाबांना विरोध करवेना, मला दूरून ओरडण्यापलीकडे काही करता येईना. सुई घालून तपासायच्या दिवशीही आत्या म्हणाल्या, "लोखंड लागू देऊ नका." मास्तरांच्या सासऱ्यांची बहीण असावी.

दुसरी स्टेज निघाली. आईचं नशीब. डॉक्टर म्हणाले, सुपारीएवढी असताना आला असतात तर कदाचित केमो लागलाही नसता. आई हे ऐकून शांतपणे म्हणाली, "तवा कोनं पायलं असतं?" 

आम्ही मुंबईला गेलो, टाटाला. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला भाडं लागत नाही, सोबतच्याला 75 टक्के सूट असते. दवाखान्यातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. हे आम्हाला तिसऱ्या फेरीला एका अनोळखी बाईनं प्लॅटफॉर्मवर सांगितलं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. पाटीवर गाडगेबाबांचं नाव पाहून आईला जो धीर आला तो कुठल्याच डॉक्टरनं दिला नाही. म्हणाली, "पाय, आपल्या अमरावतीचा बाबा आपल्या आंधी येऊन बसला."

केस गेले. गावात परत आल्यावर चौघींनी विचारलं, तिरुपतीला जाऊन आल्या का? आई हो म्हणाली. एकीनं प्रसादही मागितला. मी बेसनाचे लाडू करून वाटले, काय करणार.

चुलतीकडे मात्र कळलं होतं. सगळ्यांना कपबशीत चहा, आईला कागदी कपात. लागण होत नाही हे चुलतीला माहीत होतं, ती बी.ए. आहे. तरी हात कागदी कपाकडेच गेला.

आता बोलायचं तर आई ठणठणीत. ऑपरेशन, शेक म्हणजे रेडिएशन, मग पाच वर्षं गोळ्या, सगळं पार पडलं. धाकटीनं मुलाला स्वतःच सांगून टाकलं. त्या घरानं नाही म्हटलं, दुसऱ्या घरानं हो म्हटलं. आई अजून 'गाठ' म्हणते, रोगाचं नाव घेत नाही. पण गावातली बाई काखेत-छातीत काही लागलं म्हणाली की आई दार लावून स्वतः हात लावून पाहते आणि लगेच तालुक्याला पिटाळते.

बाळापूरकडचा शेतकरी

वरचं सगळं पटलं, तरी एक गोष्ट खटकते. सगळा दोष पेशंटच्या अंगावर टाकू नका.

माझ्या बापाचा आवाज बसला. तो तिसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात गेला, कारण तो भजनात गायचा, आवाज म्हणजे त्याचा जीव. चार महिन्यांत तीन डॉक्टर झाले. प्रत्येकानं अँटिबायोटिक आणि गुळण्या दिल्या. चौथ्यानं दुर्बिणीनं घसा पाहिला, पाच मिनिटांचं काम. तोवर तिसरी स्टेज. मग 'वेळेत या, वेळेत या' हे नेमकं कोणाला सांगायचं?

आता मी ज्याला त्याला सांगतो : तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर गोळी मागू नका, घशात पाहा म्हणून हट्ट धरा. डॉक्टर चिडला तर चिडू द्या.

आणि पैशाचं. जनआरोग्य योजनेत ऑपरेशन झालं, हे मान्य. दवाखान्यातला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, चांगला होता, त्यानंच कागद लावून दिले. पण योजना निदान झाल्यावर कामी येते. निदानापर्यंतच्या फेऱ्या, सोनोग्राफी, तपासण्या, बुडालेली मजुरी हे कोण देतं? तिथंच माणूस म्हणतो, तूर निघू दे, मग पाहू.

आशा सेविका, गडचिरोली जिल्हा

भाऊ बरोबर बोलले. पण आमच्याकडचीही बाजू ऐका.

तिशीच्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म आम्ही भरतो. तोंड, स्तन, गर्भाशयाचं तोंड, तिन्हीचे प्रश्न असतात. तंबाखूचा प्रश्न आला की बाई खालच्या ओठातली पुडी जिभेनं मागे ढकलते आणि नाही म्हणते. नक्कल चालते आमच्यात त्याची.

खालची तपासणी म्हटलं की कोणी येत नाही. आपल्या गावच्या उपकेंद्रात तर नाहीच, नर्स ओळखीची. म्हणून दोन गावांच्या बायकांची अदलाबदल केली, यांना तिकडे, त्यांना इकडे. तेव्हा 19 आल्या. तपासणी म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात, मिनिटभर थांबतात, बदललेल्या पेशी असतील तर तेवढा भाग पांढरा दिसतो. त्या पेशींचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-एक वर्षं लागतात. एवढा वेळ दुसरा कोणता रोग देतो? मी आधी माझी स्वतःची करून घेतली, मगच बायकांना म्हटलं.

पण मला लिहायचं ते वेगळंच आहे. धान रोवणीला आम्ही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होतो. एक बाई, 52-53 ची, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. म्हणाली, "मले पुन्हा सुरू झाली, मी जवान झाली." सगळ्या हसल्या. मीही हसले. गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्याच्या जुड्या, आणि आम्ही हसतोय. मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की पाळी गेल्यावर पुन्हा लाल गेलं तर लगेच पाठवायचं. शिकवलेलं होतं. त्या दिवशी आठवलं नाही.

दिवाळीनंतर आठवलं, ती अंगणात बसलेली दिसली तेव्हा. वाळून गेली होती. नागपूरला नेलं. शेक बसले. दीड वर्ष काढलं तिनं.

आता बायका हसायला लागल्या की मी हसत नाही. त्यांना वाटतं मला गर्व आला.

गुरुदेव सेवा मंडळवाला, तिवसा

छोटंसंच. गावात म्हणतात, मागच्या जन्मीचं पाप, म्हणून असा रोग. आमच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर मी विचारलं, मग राष्ट्रसंतांचं कोणतं पाप होतं? तुकडोजी महाराजांना 1968 मध्ये कॅन्सरनंच नेलं. नागपूरच्या कॅन्सरच्या दवाखान्याला त्यांचंच नाव आहे. एवढं बोलल्यावर सगळे गप्प. मग मागून एक बुढा म्हणे, "त मंग माह्या गालात काय आहे ते पायतं का?" तिथंच मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. दाताची धार लागून झालेली जखम निघाली. दाताची धार घासून घेतली, पंधरा दिवसांत बरी. दरवेळी वाईटच निघतं असं नाही, हेही कोणीतरी लिहायला हवं होतं.

धागा काढणारी

काल मामीकडे गेले होते. मामेभाऊही खर्रा खातो, बापाच्या तेरवीलाही मांडवामागे जाऊन खाऊन आला. मास्तरांचं सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, घाल तीन बोटं. म्हणाला, आत्ताच जेवलो, संध्याकाळी पाहू, आणि तसं दुखत तर काही नाही.

मामी चुलीपुढून उठून आली. पीठाचे हात तसेच.

"आता घाल. माह्यासमोर."

दोन गेली. तिसरं अडलं. गुरुवारी त्याला घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात जातोय. मामी सोबत येते म्हणाली.