विषय: तिसऱ्या फलकावरचा शब्द – आज रात्रीपर्यंत कळवा

मंडळी,
दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा सैनिकांवरचे आणि त्यांच्या साथीदारांवरचे आपले फलक उद्या सकाळी छपाईला जाताहेत. तिसऱ्यावर नानांनी इंग्लंडमधल्या बोल्टन गावच्या तोफखान्याबद्दल 'बोल्टनचा अर्धवेळ तोफखाना' लिहिलंय. 'अर्धवेळ' ठेवायचा का? गेल्या नोव्हेंबरसारखी चर्चा छापून झाल्यावर नको.
– माई

---

माई, काढाच तो शब्द. आमच्या शेजारच्या आजींचे वडील त्यात होते. दिवसभर सूतगिरणी, संध्याकाळी ड्रिल हॉलमध्ये लष्करी सराव. पण १ सप्टेंबर १९३९ ला बोलावणं आलं आणि पुढची सहा वर्षं गणवेश उतरला नाही. १९४० मध्ये फ्रान्समधून माघार घेताना डंकर्कला तोफा मागे टाकून यावं लागलं, ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं होतं म्हणे. अशा माणसाला अर्धवेळ कसं म्हणायचं? 'प्रादेशिक सेना' लिहा, भारतात तोच शब्द आहे.
– बोल्टनची वहिनी

---

वहिनी, 'प्रादेशिक' वाचून शनिवारच्या शाळेतल्या मुलांना काय कळणार? गिरणीतले, कचेरीतले, एकाच गावचे लोक तोफा चालवायला शिकले, हेच तर दाखवायचंय. ५३वी तोफखाना रेजिमेंट बोल्टनची, ५२वी मँचेस्टरची. प्रत्येकीकडे २४ पंचवीस-पौंडी (म्हणजे २५ पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) तोफा, आणि इटलीत दोन्ही आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. त्याच डिव्हिजनमध्ये आपली १/५ मराठा, पायदळाची बटालियन. तोफा मागे, पण त्यांचा निरीक्षक अधिकारी वायरलेस घेऊन पायदळाबरोबर पुढे जायचा. मारा कुठे करायचा ते तिथून सांगायचा. लँकशायरचा माणूस आणि मराठा शिपाई एकाच खड्ड्यात! फलक त्यासाठीच आहे. चार वर्षं मी तो लिहितोय, एवढं ऐका.
– नाना

---

नाना, त्याच डिव्हिजनमध्ये मराठ्यांची स्वतःची रणगाडाविरोधी रेजिमेंट होती, चौथी. ती का वगळली? आणि १/५ मराठातले नामदेव जाधव आमच्या नगर जिल्ह्यातले, निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, मग तीन मशिनगन ठाणी गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना एक ओळ आणि बोल्टनला पाच?
– अण्णा

---

अण्णा, जाधवांचा आख्खा चौथा फलक आहे. तुम्हीच तपासलात.
– नाना

---

'नोकरी सांभाळून सराव करणारे बोल्टनचे गोलंदाज' चालेल?
– वहिनी

---

गोलंदाज नको, मुलं क्रिकेट समजतील. 'तोफची' लिहा, मग माझी हरकत नाही. पण माई, शेजारचं चित्र बदला. ती पंचवीस-पौंडी नाही, १७ पौंडी आहे, रणगाडाविरोधी.
– नाना

---

ते चित्र मी दिलं होतं. चौथ्यावर लावा, मराठा अँटी-टँकच्या ओळीशेजारी. ओळ मी आत्ता पाठवतो.
– अण्णा

---

दहाच्या आत पाठवा, अण्णा.
– माई