मदत हवी आहे: एक्स५ साठी हिवाळी टायर, १९ इंची की २० इंची?

नमस्कार मंडळी,

गाडी बीएमडब्ल्यू एक्स५, जी०५ पिढी. सध्या २१ इंची चाकं आणि उन्हाळी टायर आहेत, पुढे २७५/४० आणि मागे ३१५/३५ (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत). सकाळचं तापमान आता ७ अंशांच्या खाली जायला लागलंय, तेव्हा टायर बदलायचे हे नक्की. दर मोसमात रिमवरून टायर उतरवा-चढवा ही कटकट नको म्हणून चाकांसकट वेगळा संचच घेणार आहे.

घोडं अडलंय मापापाशी. एक पर्याय १९ इंची, चारी चाकांना २६५/५०. दुसरा २० इंची, पुढे २७५/४५ आणि मागे ३०५/४०. विक्रेता दुसऱ्याच्या मागे लागलाय, म्हणे एवढ्या धिप्पाड गाडीला १९ इंची चाक बारकं दिसतं. दिसण्याच्या बाबतीत मी काही विरक्त नाही, पण चार महिने चाकांवर मिठाचा राप बसणार, तेव्हा ती बघणार कोण?

वापर बहुतांशी हमरस्त्यावर, मीठ टाकलेल्या ओल्या डांबरावर. अधूनमधून डोंगरात, तिथे साखळ्या सोबत लागतात. १९ घेतल्यावर वेगात गाडी डुलते का? बीएमडब्ल्यूची चांदणी, म्हणजे कंपनीने मान्य केल्याची खूण, असलेलेच टायर हवेत का? बाहेरची रिम घेतली तर काय तपासू?

'बारमाही टायर घाला आणि मोकळे व्हा' हा सल्ला कृपया नको, तो घरात ऐकून झालाय.

प्रतिसाद

१९. डोळे झाकून.

टायरची बाजूची भिंत तुमच्या आत्ताच्या पुढच्या चाकाला ११० मिमी आहे, २६५/५० ला ती साधारण १३२ होते. बर्फाखाली लपलेला खड्डा आला की हेच २२ मिमी रिम वाचवतात. रुंदी कमी असल्याने टायर ओला बर्फ कापत खाली जातो, ३०५ चा त्यावर तरंगायला बघतो. शिवाय चारी चाकं एकाच मापाची, म्हणजे पुढची-मागची अदलाबदल करता येते. बाणाची दिशा असलेला टायर असेल तर फक्त त्याच बाजूला. साखळ्यांचं म्हणाल तर कोणत्या मापावर चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, पैसे देण्याआधी ते पान उघडा.

व्यासाची चिंता नको. ७५३ चा ७४८ मिमी होतो, फरक एक टक्क्याच्याही आत. मात्र ब्रेक मोठे असलेलं मॉडेल असेल तर टायर चढवण्याआधी नुसती रिम पुढच्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) लावून हाताने फिरवून बघा, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना. टायरवरचा भारांक (किती वजन पेलतो त्याचा आकडा) ११० बघून घ्या, म्हणजे चाकामागे १०६० किलो.

प्रतिसाद

वरच्यांशी निम्मा सहमत. १९ घ्या, पण डुलणं मापापेक्षा टायरच्या जातीवर ठरतं. उत्तर ध्रुवाकडच्या थंडीसाठी केलेले मऊ टायर, उदाहरणार्थ मिशलँचा एक्स-आइस, घट्ट गोठलेल्या बर्फावर राजे. पण ओल्या डांबरावर जोरात ब्रेक मारा, पाय कापसावर पडल्यासारखं वाटतं. तुमच्या वापराला पायलट अल्पिनच्या जातीचा टायर बरा.

खूण बघताना नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही, ते कंपनी स्वतःच लिहिते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण हे चिन्ह बर्फावरची चाचणी झाल्यावरच मिळतं.

चांदणी असली तर उत्तम, नसली तरी आभाळ कोसळत नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि सारखेच झिजलेले असले पाहिजेत. पुढचा-मागचा घेर जुळला नाही तर चारी चाकांना ताकद वाटणारा क्लच सतत घसरत राहतो, आणि ते दुखणं टायरपेक्षा महाग.

(अवांतर: चारी चाकं ओढणारी असली तरी थांबताना त्याचा काही उपयोग नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, उतारावर आठवत नाही.)

धागाकर्ता

१९ नक्की! बाहेरच्या रिमचं मात्र राहिलंच. मला आवडलेली रिम तासून चकचकीत केलेली आहे.

प्रतिसाद

ती उन्हाळ्याला ठेवा. तासलेल्या पृष्ठभागावर लाखेचा पातळ थर असतो. खडी उडून टवका गेला की मीठ आत शिरतं आणि लाखेखाली पांढुरक्या रेघा पसरतात. पूर्ण रंगवलेली साधी रिम घ्या, पाच आरे असलेली, धुवायला सोपी.

बोल्टची मांडणी ५x११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती सरकलेली) मूळ रिमच्या जवळचा आणि मधलं भोक हबवर नेमकं बसणारं हवं. बोल्टची बैठक, म्हणजे त्याचा रिमला टेकणारा भाग, रिमला जुळते का तेही विचारा. हवेच्या दाबाचे सेन्सर या चाकांना वेगळे घ्या, नाहीतर हिवाळाभर तो पिवळा दिवा छळेल. बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायला लावा, तो राहिला की स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगला दोष देतात. बोल्ट टॉर्क पान्याने १४० न्यूटन मीटरला, आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा.