विषय: चिऊला शाळेत पाठवू का?

शिवाजी पेठ, कोल्हापूर – शनिवार, 27 नोव्हेंबर 2021

मंडळी, नमस्कार.

इंग्लंड सोडून तीन वर्षं झाली, तरी तिकडच्या मराठी मंडळींच्या या मेल-यादीतून नाव काढलेलं नाही. काही अडलं की अजून इथंच लिहावंसं वाटतं.

गुरुवारी मंत्रिमंडळाचा निर्णय आला. 1 डिसेंबरपासून गावात पहिली ते चौथी आणि शहरात पहिली ते सातवी सुरू. मोठ्यांचे वर्ग 4 ऑक्टोबरलाच उघडले होते, राहिली होती ती ही लहान पोरं. काल दुपारी शाळेच्या ग्रुपवर संमतीपत्र आलं. ते छापून आणलं आणि घरी पोचते तोवर टीव्हीवर कोरोनाचा नवा प्रकार, ओमिक्रॉन. संमतीपत्र देवघराच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलंय. सही झालेली नाही.

चिऊ आता सात वर्षांची आहे. मार्च 2020 मध्ये मोठ्या गटात होती, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. पहिली मोबाइलवर झाली, दुसरी निम्मी होत आली. पहिलीचा गणवेश शिवून ठेवला होता, तो एकदाही अंगाला न लागता आखूड झाला. काल खालची दुमड उसवून बघितली, तरी गुडघ्याच्या वर.

अभ्यासाचं म्हणाल तर वाचते बरं. पेन्सिल धरून चार ओळी लिहिल्या की मात्र हात दुखतो म्हणते. पण मला घोर लागलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. गेल्या रविवारी शेजारची तिच्याच वयाची मुलगी रंगखडू मागायला आली. चिऊनं खडू पायरीवर ठेवला, दोन पायऱ्या मागं सरकली आणि म्हणाली, "घे आता." कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. दुधाच्या पिशव्या आम्ही तशाच घेत होतो, ते बघून ती शिकली. तिला तो शिष्टाचार वाटतो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या बाजूला माझे सासरे. वय 74. जूनमध्ये, राज्यातले बरेच जिल्हे सैल होत असताना आपला जिल्हा कडक निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकला होता, तेव्हा त्यांना कोरोना झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आले आणि महिन्याभरात पंचगंगेला पूर. त्या धास्तीत रात्र रात्र जागून काढल्या. आता लशीचे दोन्ही डोस झालेत, पण माडीचा जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. ते म्हणतात, "माझ्यापायी पोरीची शाळा बुडवू नका." सासूबाई काहीच बोलत नाहीत.

तुम्ही तिकडं यातून आधी गेलात. तुम्ही कसं ठरवलंत ते सांगा. "काळजी घ्या" एवढंच नको, ते सगळेच सांगतात.

– चिऊची आई

मँचेस्टर – शनिवार, 27 नोव्हेंबर, रात्री

वहिनी,

तुमची मेल वाचून मार्चमधली आमची सकाळ आठवली. इथं 8 मार्चला शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आमचा धाकटा सहा वर्षांचा होता. मी आदल्या रात्री झोपले नव्हते.

खरं सांगते, ठरवलं असं काही नाही. मी पंधरा दिवस आकडे वाचत बसले आणि रोज माझं मत बदललं. शेवटी नवरा म्हणाला, आजार कुणाला जड जाईल ते आधी बघू, मग कुठून येईल ते बघू. आमच्या घरात चौघंच, सगळे धडधाकट. मग प्रश्न सोपा झाला. तुमच्याकडं तो सोपा नाही, हे मला कळतं.

शाळेनं एक गोष्ट मात्र नेटानं केली. खिडक्या कायम उघड्या. मार्चच्या थंडीत पोरं कोट घालून बसायची. मी कुरकुर केली होती, आता वाटतं तेच सगळ्यात कामाचं होतं. प्रत्येक वर्गाचा वेगळा गट होता, मधल्या सुट्टीतही दुसऱ्या वर्गात मिसळायचं नाही. जुलैत ते गट मोडले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये धाकट्याला झालाच. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सोफ्यावर उड्या. मला मात्र दहा दिवस अंथरुण सुटलं नाही. आजी-आजोबा घरात असते तर मी काय केलं असतं, ते नाही सांगता येत.

दुसरं, पहिले आठ दिवस तो शाळेतून आल्यावर रोज रडायचा. कारण काही नाही. इतक्या आवाजाची सवयच राहिली नव्हती. चिऊचं तसं झालं तर घाबरू नका.

रेडिंग – रविवार, 28 नोव्हेंबर

ताई,

मला या विषयावर लिहायचं नव्हतं. माझे बाबा मे महिन्यात कोल्हापुरात गेले, हे यादीवर बऱ्याच जणांना माहीत आहे. तेव्हा भारत इंग्लंडच्या लाल यादीत, म्हणजे प्रवासावर कडक निर्बंध असलेल्या देशांत होता. भावानं घाटावरून फोन धरला होता, मी इथं किचनमध्ये उभी राहून बघत होते. भावालाही तेव्हा ताप होता आणि घरात कुणी कुणापासून आणलं हे आजवर कुणी बोललेलं नाही. भावाचा मुलगा नऊ वर्षांचा. तो एकदा वहिनीला म्हणाला, "माझ्यामुळं का गं?" त्याला कुणी तसं म्हटलंही नव्हतं.

म्हणून माझं एवढंच सांगणं. पाठवा किंवा नका पाठवू, पण चिऊसमोर "आजोबांना होईल हं" असं चुकूनही म्हणू नका. हात धुवायला सांगताना त्या लेकराच्या अंगावर आजोबांचा जीव टाकू नका.

आणि मला विचाराल तर मी महिनाभर थांबले असते. नवा विषाणू काय करतोय ते कळेपर्यंत. वीस महिने गेले, तिथं एकविसावा.

कळंबा, कोल्हापूर – सोमवार, 29 नोव्हेंबर

बाळ, आशीर्वाद.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं शिकवलं, त्यात बहुतेक पहिली-दुसरीचे वर्ग. मुलगा तिकडं असल्यामुळं या यादीवर आहे, एरवी नुसता वाचतो. आज मात्र लिहितो.

पहिलीचा वर्ग म्हणजे बाराखडी नव्हे. पोर पहिल्या दिवशी येतं तेव्हा ते घरातलं एकुलतं एक असतं. त्याला तहान लागली की सगळं जग थांबतं. दिवाळीपर्यंत त्याला कळतं की आपला नंबर येईपर्यंत थांबायचं असतं, शेजारच्याची पाटी फुटली तर आपली निम्मी द्यायची असते, आणि बाईंनी दुसऱ्याला शाबासकी दिली म्हणून आपलं काही गेलं नाही. हे मोबाइलवर शिकवता येत नाही. टीव्हीवरची टिलीमिली चांगली होती, मी स्वतः नातवाबरोबर बघायचो, पण पडद्यातलं पोर तुमच्या पोराचं खोडरबर पळवत नाही. आणि ते पळवल्याशिवाय भांडण नाही, भांडणाशिवाय गट्टी नाही.

अभ्यासाचं नुकसानही थोडं समजू नका. अझीम प्रेमजी फाउंडेशननं या वर्षाच्या सुरुवातीला पाच राज्यांत दुसरी ते सहावीची मुलं तपासली. आधी येत असलेलं भाषेतलं निदान एक कौशल्य 92 टक्के मुलं विसरली होती, गणितातलं 82 टक्के. ती सगळी सरकारी शाळेतली मुलं. चिऊला तुझ्यासारखी आई आहे. आमच्या शाळेतल्या ऊसतोड मजुरांच्या पोरांकडं मोबाइलच नव्हता. शाळेनं तांदूळ-डाळ घरपोच दिली, अक्षरं कशी घरपोच देणार?

आता भीतीचं. ती खोटी नाही. माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची, माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली होती. ते शाहू महाराजांचेच दिवस. आणि त्याच महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. साथ आहे तेव्हा रानात जायचं, साथ उतरली की शाळेत जायचं. दोन्ही याच मातीतलं आहे.

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या जून-जुलैच्या पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण, सापडली. ज्या 70 जिल्ह्यांत ती पाहणी झाली त्यांत आपल्या शेजारचं सांगलीही आहे. त्या वेळी या मुलांच्या शाळा बंद होत्या. मग पोरांना हा आजार कुठून झाला? घरातूनच, मोठ्यांकडून. हे नीट मनाशी घे. शाळा बंद ठेवली म्हणून विषाणू उंबऱ्याबाहेर राहिला नाही.

उद्या शाळेत जा आणि तीन गोष्टी डोळ्यांनी बघ. सॅनिटायझर किती आहे ते बघू नकोस. वर्गाच्या खिडक्या उघडतात का बघ, कितीतरी शाळांत त्या रंगानं चिकटलेल्या असतात. एका बाकावर एक पोर बसेल अशी जागा आहे का बघ. आणि पोरं येणार-जाणार कशी ते विचार. वर्गात सहा फूट आणि रिक्षात मांडीवर मांडी, याला काही अर्थ नाही.

रेडिंगच्या लेकीचं म्हणणंही मनावर घे. पोराच्या मनात अपराध पेरू नये, हे तिनं फार मोलाचं सांगितलं.

शिवाजी पेठ – रविवार, 5 डिसेंबर

मंडळी,

पाठवायचं ठरलं.

गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं शाळेत जाऊन आले. जुनी दगडी इमारत आहे, उंच खिडक्या. समोरासमोरच्या चार, त्यातल्या दोन खरोखरच चिकटलेल्या होत्या. शिपाईमामांनी माझ्यासमोर छिन्नी लावून त्या उघडल्या. वर्ग दोन गटांत, दिवसाआड, तीन तास. डबा न्यायचा नाही, पाण्याची बाटली आपली आपली. चिऊचा गट मंगळवार, गुरुवार, शनिवार.

तुमचं "घरातूनच, मोठ्यांकडून" हे वाक्य रात्री घोळत राहिलं आणि मग मी नवऱ्याकडं बघितलं. दीड वर्ष झालं, तो रोज शिरोलीला फाउंड्रीत जातो. तिथं दीडशे माणसं. संध्याकाळी येतो, हातपाय धुतो आणि बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, शेजारी बसून बातम्या बघतो. त्याच्या जाण्यासाठी आम्ही कधी देवघराखाली कागद ठेवला नाही. पगाराशिवाय चालत नाही म्हणून तो धोका आम्ही न मोजता उचलला, आणि पोरीच्या तीन तासांची मात्र तोळामासा मोजणी चालली होती. हे कळल्यावर मला स्वतःची लाज वाटली आणि मन मोकळंही झालं.

मग घराचीच मांडणी बदलली. बाबांची खोली माडीवरून खाली आणली, दोन्ही बाजूंनी वारा येतो तिथं. जिना सुटला हा वरचा फायदा. जेवणं सगळ्यांची मागच्या परड्यात. नवरा आणि चिऊ दोघंही बाहेरून आले की सारखाच नियम, मास्क लावूनच बाबांजवळ. चिऊला सांगितलं, हा बाहेर जाणाऱ्यांचा नियम आहे, तुझे बाबा पण पाळतात. कुणाला काय होईल हे काही सांगितलं नाही. घरात कुणालाही ताप आला तर त्या दिवसापासून शाळा बंद, आणि पेठेत रुग्ण वाढले तर पुन्हा बसून ठरवायचं.

रिक्षाचं राहिलं होतं. आमचे रिक्षामामा वीस महिने भाजीची गाडी लावत होते. आधी दहा पोरं बसवायचे. आम्ही चार घरांनी मिळून त्यांना सांगितलं, चारच पोरं न्या, भाडं आम्ही वाढवून देतो. त्यांनी पडदे काढून टाकले. भाडं महिन्याचं पुरं घ्यायला तयार नव्हते, "निम्मे दिवस तर शाळा" म्हणाले. आम्ही ऐकलं नाही.

सासूबाई काल पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "गणवेशाचं काय करणार?" आणि स्वतःच जुन्या परकराची पट्टी काढून खाली जोडून दिली. रंग थोडा वेगळा दिसतो.

रेडिंगच्या ताई, तुम्ही महिनाभर थांबला असता. तुमच्या जागी मी असते तर मीही थांबले असते. तुमच्या भाच्याला काकूचा पापा सांगा.

शिवाजी पेठ – शनिवार, 11 डिसेंबर

तीन दिवस झाले शाळेचे, म्हणून कळवते.

मंगळवारी ती गेटाशी माझा पदर सोडेना. आत गेल्यावर बाईंनी प्रश्न विचारला तर ही हात वर न करता बाकावर बोटानं काहीतरी शोधत होती. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "हाताचं चित्र कुठाय?" मोबाइलवरच्या वर्गात हात वर करायला ते चित्र दाबायचं असायचं. घरी येऊन मँचेस्टरच्या वहिनींनी सांगितलं तसंच रडली, अर्धा तास. गुरुवारी कमी रडली.

आज दप्तरात एक खोडरबर सापडलं, तिचं नाही. आधी माझ्या पोटात धस्स झालं, तिनं उचललं की काय. विचारलं तर म्हणाली, मागच्या बाकावरच्या मुलीनं दिलंय, कारण हिचं खिडकीतून खाली पडलं. मंगळवारी परत द्यायचं आहे. मी म्हटलं, सॅनिटायझरनं पुसून दे हं. तर म्हणाली, "आई, तिच्या हातात देऊ ना? का बाकावर ठेवून मागं सरकू?"

मी म्हटलं, हातात दे.

बाबांचा ऑक्सिजन आज 96 आहे. गुरुजी, तुम्ही कळंब्याहून इकडं आलात की घरी या, बाहेर परड्यात बसू.