दूरशिक्षणाच्या पुस्तकांतल्या त्या टिंबटिंबाच्या ओळी कुणी भरतं का?

दुकानदार_रात्रीचा: दूरशिक्षणातून बी.कॉम. करतोय. दिवसा दुकान, रात्री दहानंतर पुस्तक. दर तीन-चार पानांनी ‘तुमची प्रगती तपासा’ आणि खाली टिंबांच्या पाच ओळी. माझ्या पुस्तकात तिथे आईने दुधाचा हिशेब लिहिलाय! घसाऱ्याचं, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्या हिशेबाचं, सोडवलेलं उदाहरण एकच, तेही सरळ रेषा पद्धतीचं (दरवर्षी मूळ किमतीवर टक्के). परीक्षेत आलं घटत्या शिलकेचं (दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के). ओळी काढा, उदाहरणं वाढवा.

घटकलेखिका: मी अशा पुस्तकांतले घटक, म्हणजे धडे, लिहिते, म्हणून थोडं भांडते. वर्गात मुलांचे चेहरे पाहून मास्तर थांबतो. पुस्तकाला चेहरे दिसत नाहीत, म्हणून त्या ओळी. 4 श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयाला 120 तास धरलेले असतात. नुसतं वाचून ते भरत नाहीत, हात चालवावा लागतो. सोडवलेली दहा उदाहरणं दिली की तुम्ही मान डोलवत पुढे जाता.

जुना_विद्यार्थी: हे ऐकायला छान. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं, तेव्हा ‘ज्ञानगंगा घरोघरी’ वाचून भारावलेल्यांपैकी मी एक. पण पुढे दुसरीकडे एक पदविका केली. ओळी भरल्या, शेवटची उत्तरं उघडली, तर तिथे ‘पाहा : 4.3’. अहो, 4.3 वाचूनच अडलो होतो ना!

घटकलेखिका: त्याचा बचाव नाही करणार, तो लेखकाचा आळस. उत्तर असं हवं : यंत्र 1,00,000चं, घसारा 10 टक्के, घटत्या शिलकेने दोन वर्षांनंतरची किंमत काढायची. ‘80,000 आलं? म्हणजे दुसऱ्या वर्षीही तुम्ही मूळ किमतीवरच टक्के काढलेत. उरलेल्या 90,000वर काढा, 81,000 येईल.’ चूक आधी ओळखून ठेवायची, खरी मेहनत तिथे आहे.

एसटी_पास: एवढा खटाटोप कशाला? व्हिडिओ आहेत, गाइड आहे. पुस्तकाचा गठ्ठा तसाच बांधलेला असतो लोकांकडे.

जुना_विद्यार्थी: तुमच्या नावातच एसटी आहे. घाटात रेंज जाते तेव्हा काय बघता?

दुकानदार_रात्रीचा: 80,000च लिहून आलो होतो मी. हे एक वाक्य पुस्तकात असतं तर! पण ताई, ओळींचं माझं म्हणणं कायम. यंत्र खातं मांडायचं तर पाच ओळींत नावे (डेबिट) बाजूसुद्धा मावत नाही. त्यापेक्षा ‘वही काढा’ असं छापा.