हनोईत रात्री अकरानंतर शाकाहारी पोटाचं काय करायचं? मदत हवी आहे

नागपूरहून चौघं कोलकातामार्गे हनोईला चाललोय, नोव्हेंबरमध्ये पाच रात्री. मुक्काम ओल्ड क्वार्टरच्या डॉर्ममध्ये, संध्याकाळ ता हिएन गल्लीत बुटक्या प्लास्टिक स्टुलांवर बिया होई (तिथली ताजी, स्वस्त बिअर) घेत. तिघं सावजी चापणारे, त्यांना फो (रश्शातल्या नूडल्स), बुन चा (भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स) काहीही चालतं. अडचण चौथ्याची: मांस-मासे बंद, अंडं चालतं.

'आन चाय' म्हणजे शाकाहारी, हे पाठ झालंय. व्हिएतनामीत कार्डही छापलंय: मांस नको, मासे नको, न्युओक माम (माशांचा सॉस) नको. पण खरी गोम रश्शात आहे. वरचे तुकडे काढले तरी फोचं पाणी हाडांचंच. बुन दाऊ, म्हणजे तळलेला टोफू आणि नूडल्स, यासोबत माम तोम, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी येते. ती बदलून सोया सॉस मागता येतो, पण तळणीचं तेल तेच असतं. अंड्याच्या बान्ह मीलाही (पावाचं सँडविच) आधी पाते, म्हणजे मांसाची पेस्ट, फासतात. हॉस्टेलला विचारलं तर उत्तर एकच, 'व्हेज मिळेल'.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथं बरेच लोक चाय खातात, हे माहीत आहे. आमच्या तारखा त्यात बसत नाहीत. इंडियन रेस्टॉरंटचे पत्ते नकोत, तर्री-पोहे इथंच खाऊ. स्कूटर घेणार नाही, म्हणून चालत पंधरा मिनिटांच्या आतलंच सांगा.

तर ता हिएनजवळ रात्री अकरानंतर चालू असणारी चाय गाडी किंवा दुकान कोणत्या गल्लीत आहे? आणि वेगळा तवा हवा, हे विक्रेत्याला नेमकं कोणत्या शब्दांत सांगायचं?