मदत हवी आहे: पॅराग्वेच्या नौदलाची ‘उमाइता’ (१:३५०)

समुद्र नसलेल्या पॅराग्वेने इटलीत बांधून घेतलेली ही नदीतली गनबोट मी प्लास्टिक शीटमधून घडवतोय. मूळ लांबी ७० मीटर, म्हणजे मॉडेल २० सेंमी. वॉटरलाइन मॉडेल आहे, त्यामुळे बुडीत भाग नको. १२० मिमीच्या दोन जोडतोफा झाल्या. नळ्यांना अर्ध्या मिलिमीटरची इंजेक्शनची सुई वापरली, कारण ताणलेला स्प्रू (किटमधली प्लास्टिकची काडी तापवून ओढलेली तार) वाकतो. अडलंय रंगावर. राजधानी आसुन्सिओनच्या संग्रहालयातल्या याच जहाजाचे फोटो पाहिले, पण तो रंग नंतरचा. मला बोलिव्हियाविरुद्धच्या १९३२-३५च्या चाको युद्धात पुएर्तो कासादो या नदीबंदराला सैन्य नेणारी बोटच दाखवायची आहे. तेव्हा हल (जहाजाचा मुख्य सांगाडा) आणि डेकवरची बांधणी एकाच करड्या रंगात होती का? आणि ७६ मिमीच्या तिन्ही तोफा नेमक्या कुठे होत्या?