दिव्यांगत्वाच्या टक्केवारीतली 40 ची रेघ ठेवायची की पुसायची? तिघांचा वाद

रेघेबाहेरचा: 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, पण सरकारी नोकरीतलं 4 टक्के आणि उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तरच. टक्का ठरवायच्या 2018 च्या सरकारी तक्त्यात एक डोळा पूर्ण गेला नि दुसऱ्याची नजर 6/6, म्हणजे पूर्ण चांगली असली, तर 30 टक्के. खोलीचा अंदाज गेला, यंत्रावरचं काम सुटलं. कागदावर माणूस धडधाकट! ही रेघ पुसा.

मोजपट्टी: पुसून काय ठेवणार? साहेबांची मर्जी? आकडा निदान अपिलात दाखवता तरी येतो. शिवाय 30 वर अडकलेल्या कित्येकांचा दुसरा दोष मोजलेलाच नसतो. दोन दोषांची सरळ बेरीज होत नाही. मोठा टक्का अ, लहान ब, तर अ + ब × (90 − अ) ÷ 90. डोळ्याचे 30 आणि कानाचे 20 धरले तर 43.3. दिव्यांग प्रमाणपत्राच्या ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना दोन्ही प्रकार निवडा, इतकंच.

रेघेबाहेरचा: सूत्र मान्य, पण त्यात जाणारे आकडेच लंगडे. ऐकण्याच्या हिशेबात चांगल्या कानाला 5 भार, वाईटाला 1, भागिले 6. एक कान ठार बहिरा, दुसरा ठणठणीत, तर जेमतेम 17 टक्के. वर्गातल्या गोंगाटात आवाज कुठून आला हे ज्याला कळत नाही, त्याला हे 17 सांगून बघा.

बालकक्ष: मुलांबाबत तुम्ही दोघंही आकड्यातच अडकलात. खरी गफलत मोजताना होते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी सामाजिक गुणांक काढतात, म्हणजे मूल रोजची कामं वयाच्या मानाने किती स्वतः करतं त्याचा आकडा: 55 ते 69 ला 50 टक्के, 70 ते 84 ला 25. एका गुणाने अर्धं गेलं. आणि हा गुणांक बराचसा पालकांच्या उत्तरांवर ठरतो. ‘जेवतो का स्वतः?’ विचारलं की आई अभिमानाने ‘हो’ म्हणते. भात कालवून द्यावा लागतो, चारदा आठवण करावी लागते, हे राहूनच जातं. आठवडाभर नोंद ठेवा आणि वही घेऊन जा. पाच वर्षांखालच्या मुलाला मिळतं ते तात्पुरतं प्रमाणपत्र. मुदत संपायच्या आधीच फेरतपासणीला अर्ज करा.

मोजपट्टी: म्हणजे दोष मोजण्यातला, रेघेचा नव्हे. आणि रेघ तरी एकच कुठे? केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला 80 टक्के लागतात, वर दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब. 40 वाल्याने तिथे हेलपाटे घालू नयेत.

रेघेबाहेरचा: फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतल्या लेखनिकासाठी 40 ची अट चालणार नाही असं सांगितलं. गरज पाहून देता येतं, हे तिथेच सिद्ध झालं.

मोजपट्टी: लेखनिक तीन तासांचा, नोकरीतली जागा तीस वर्षांची. जागा मोजक्या असताना 17 वाल्याला दिली, तर 70 वाल्याची गेली. सोयी गरजेवर द्या, माझी हरकत नाही. आरक्षणाची रेघ मी सोडणार नाही.